टीव्हीसाठी लागलेलं लग्न

रविवारी सकाळी आमच्या हाटकेशच्या घरात सनई सुरू झाली की माझी मुलगी रेवा तिच्या खोलीतून ओरडते, "हो गया मम्मी का शुरू!" आणि दार लावून घेते. तिचं काही चुकत नाही. टीव्हीवर आडव्या रेघा थरथरत असतात, रंग विटलेले असतात आणि खादीचा झब्बा घातलेला एक निवेदक कुठल्याशा किल्ल्याच्या पायऱ्या सावकाश चढत असतो. तो वर पोचेपर्यंत काहीही घडत नाही. वर पोचल्यावर त्याला धाप लागते म्हणून तो जरा थांबतो, तर तेही दाखवतात. सरकारी वाहिनीने हे सगळे जुने मराठी कार्यक्रम हळूहळू इंटरनेटवर टाकायला घेतलेत, तेव्हापासून माझ्या रविवारांची सोय झाली आहे.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसून मेथी नाहीतर गवार निवडते आणि एका डोळ्याने बघते. कार्यक्रम संपून नावं वर सरकायला लागली की तिचा प्रश्न ठरलेला.

"आपलं लागलं का गं?"

"नाही अजून."

"नीट शोधतेस ना?"

"शोधते गं."

'आपलं' म्हणजे माझ्या आईवडिलांचं लग्न. ते टीव्हीवर लागलं होतं, एकदाच, मी शाळेत अगदी खालच्या वर्गात असताना. आणि त्या लग्नात मी करवली होते. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मला वेड्यात काढलं आहे, तेव्हा ते कसं घडलं ते सांगतेच. पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. त्या कार्यक्रमात आई कुठेच दिसत नाही. तिचा सगळा भाग कापून टाकला होता. बाबांनी मात्र तिला जन्मभर सांगितलं की तू फार सुंदर दिसत होतीस. आईने स्वतः तो कार्यक्रम पाहिला नव्हता. बाबा जाऊनही आता काही वर्षं झाली. कार्यक्रम सापडला तर बाबा खोटे पडणार, आणि तेही आपली बाजू सांगायला इथे नसताना. म्हणजे मी शोधत होते हे खरं, आणि सापडू नये असं मनापासून वाटत होतं हेही तितकंच खरं.

आम्ही तेव्हा मुर्ध्याला राहायचो. आई दादरची, बाबा गिरगावचे. दोघांच्याही घरून लग्नाला कोणी आलं नव्हतं. का, ते मला कोणी धड सांगितलं नाही आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. रजिस्टर ऑफिसात सह्या करून, मित्रांबरोबर मिसळ खाऊन त्यांनी संसार मांडला, तो मुर्ध्याला हिराबायच्या घरामागच्या दोन खोल्यांत. फोटो एकही नाही. त्या मित्रांपैकी एकाने कॅमेरा आणला होता म्हणे, पण त्यात रोल घालायला तो विसरला.

मुर्धा तेव्हा खाडीच्या आणि मिठाच्या वासाचं गाव होतं. गावाबाहेर मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसायचे की बघताना डोळे बारीक करावे लागत. अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, वाळत पडलेला, त्यावर कावळे येऊ नयेत म्हणून काळी जाळी पसरलेली. पहिले काही महिने आई नाकाला पदर लावून फिरली. मग एक दिवस माहेरच्या एका मैत्रिणीकडे गेली आणि परत येऊन बाबांना म्हणाली, "त्यांच्या घराला कसलाच वास नाही हो. कसं राहवतं कोण जाणे." म्हणजे बाई मुर्ध्याची झाली.

हिराबाय आमची घरमालकीण. नवऱ्याची होडी होती, पण गावात मान होता तो तिला, कारण ती धवलारीन होती. आमच्याकडे भटजी मंगलाष्टकं म्हणतात, तसं तिथल्या लग्नात हळदीपासून शेवटपर्यंत धवले गायले जातात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीन. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नसे. एरवी ती भरभक्कम, करड्या आवाजाची, कोणाचीही भीड न ठेवणारी बाई. मासळी शिळी असेल तर स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायची, "नको नेव, कालची हाय." तिची मुलगी सुनंदा माझ्या वयाची. ती हे बघून कपाळाला हात लावायची.

गावात टीव्ही मोजकेच होते आणि त्यातला एक हिराबायकडे. कृष्णधवल, पुढे सरकत्या दाराचा, वर प्लास्टिकची फुलं. तिथेच मला या कार्यक्रमांची गोडी लागली. बाबांच्या मांडीला मांडी लावून मी शिलालेख पाहिले, तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर पाहिले, पैठणी विणणाऱ्या माणसाची बोटं पाहिली. कीर्तनकार पाहिले, गोंधळी पाहिले. निवेदक कमी बोलायचा. कारागिराला प्रश्न विचारायचा आणि तो विचारात पडला तर पडू द्यायचा. भांड्यावर हातोडी पडत राहायची आणि आम्ही सगळे उत्तराची वाट बघत बसायचो. कधी मधेच चित्र जाऊन व्यत्ययाची पाटी यायची. तीही आम्ही बघायचो. पुढ्यात सूप घेऊन हिराबाय जवळा पाखडत बसलेली असायची. त्या सुपाच्या आवाजात निवेदकाचं अर्धं बोलणं बुडायचं.

"हिराबाय, जरा थांबा की," बाबा म्हणायचे.

"तो गाना म्हनंल तवा थांबन. बोलतो ता तुमी नंतर सांगालच."

आणि बाबा सांगायचेच. ते ऑफिसात फायली सरकवणारे कारकून, पण टीव्हीवर किल्ला लागला की पुढच्या सुट्टीत आम्हाला चेण्याकडे घोडबंदरच्या किल्ल्यावर न्यायचे आणि हात मागे बांधून त्या निवेदकासारखे चालायचे. एखाद्या दगडापाशी थांबून खर्जात म्हणायचे, "या दगडाने काय काय पाहिलं असेल?" आई म्हणायची, "तुमच्यासारखे पुष्कळ पाहिले असतील." आम्ही तिथे पोळी-चटणी खायचो, खाडीचा वारा खायचो आणि संध्याकाळी पाय दुखत परत यायचो. माझं इतिहासाचं सगळं ज्ञान असं चटणीसकट मिळालेलं आहे.

तर त्या कार्यक्रमवाल्यांनी एकदा खाडीकाठच्या लग्नगीतांवर भाग करायचं ठरवलं आणि ते हिराबायचा पत्ता शोधत मुर्ध्याला आले. ऐन वैशाखातला रविवार होता. पांढरी गाडी, मोठा कॅमेरा, वायरींची वेटोळी, आणि झब्ब्यातला तो निवेदक, टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा पुष्कळ बुटका. सगळं गाव हिराबायच्या अंगणात. तिने पडवीत जाजम अंथरलं, सगळ्यांना सरबत दिलं. निवेदक नम्रपणे म्हणाला, "बाई, आम्हाला दोनचार धवले म्हणून दाखवा. दोनचार कडवी झाली तरी चालेल."

"लगीन कुनाचा हाय?" हिराबायने विचारलं.

"लग्न नाहीये. लग्न आहे असं समजायचं."

"समजाचा कसा? लगीन हाय तं हाय, न्हाय तं न्हाय."

तो हसला. त्याला वाटलं बाई लाजतेय. हिराबाय लाजत नव्हती. तिने त्याला नीट समजावून सांगितलं की धवल्यात ती देवांना नावानिशी आवतण देते, नवरानवरीच्या पूर्वजांना देते, खाडीला देते. ते सगळे येऊन बसतात. "आन् मंग त्यांना काय सांगू? जाव परत, हा खेल चाललाय?" कॅमेरावाल्याने घड्याळ पाहिलं. गावातल्या शहाण्यांनी हिराबायला बाजूला घेऊन पटवायचा प्रयत्न केला, टीव्हीवर येशील, सरकारचे लोक आहेत वगैरे. ती म्हणाली, सरकारचे असोत नाहीतर आणि कोणाचे, नवरी आणा, नवरा आणा, मग गाते.

अशी नवरानवरी ऐन वेळी कुठून आणायची? गावात ठरलेली लग्नं होती, पण कोणाची हळद अशी वेळेआधी लावणार? सगळे डोकं खाजवत असताना हिराबायची नजर आमच्या दारात उभ्या असलेल्या आईवर गेली. आईच्या हातात कपड्यांची बादली होती.

"तुमी दोघा बसा," हिराबाय म्हणाली.

"आम्ही?" आई म्हणाली. "अहो, आमचं लग्न झालंय. मुलगी आहे एवढी!"

"सह्या केल्या तुमी. लगीन कवा झाला? हलद न्हाय, मांडव न्हाय, धवला न्हाय. माज्या घरान इतकी वर्सा ऱ्हातीव, मी काय बोलली न्हाय."

म्हणजे एवढी वर्षं हिराबायच्या हिशेबी आमचे आईबाबा बिनलग्नाचेच होते, आणि तिने ते शेजारधर्म म्हणून पोटात ठेवलं होतं! आई आधी हसली, मग रागावली, मग बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "माझी काही हरकत नाही." एवढ्या लोकांसमोर ते अशा काही आवाजात म्हणाले की बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आईने बादली खाली ठेवली.

पुढचं सगळं मला वासांनी आठवतं. उखळात कुटलेल्या ओल्या हळदीचा वास. मांडवासाठी आणलेल्या उंबराच्या फांदीचा चीक. सुनंदाच्या काकीने आईसाठी पेटीतून काढलेल्या लुगड्याला येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास. मला आणि सुनंदाला करवल्या केलं, हातात कलश दिला, केसांत अबोली माळली. बाबांच्या डोक्याला बाशिंग. आईच्या कपाळाला मुंडावळ्या, आणि मान खाली. तिने जरा मान वर केली की हिराबाय गाता गाता कोपराने ढोसायची. नवरीने असं टकामका बघायचं नसतं. आई मला नंतर कितीदा म्हणाली आहे, "स्वतःच्या लग्नात मी पाहिलं काय, तर माझे गुडघे."

हिराबाय गायली. आधी सावकाश, एका सुरात. मग मागे बसलेल्या बायकांनी तो सूर ओढून धरला. त्या गाण्याला ताल नव्हता, वाद्य नव्हतं. लाट येऊन मागे जाते तसा तो आवाज यायचा आणि जायचा. तिने आईच्या वडिलांचं नाव घेतलं, बाबांच्या आजोबांचं घेतलं. ही नावं तिने हळद लावताना आईला विचारून घेतली होती. ज्यांनी या लग्नाकडे पाठ फिरवली त्या सगळ्यांना मुर्ध्याच्या अंगणात मानाने बोलावून बसवलं. मी आईच्या अगदी पाठीशी उभी होते. तिची पाठ हलत होती, ती रडतेय हे मला कळत होतं आणि का ते कळत नव्हतं.

कार्यक्रमवाल्यांना हवं होतं तेवढं त्यांनी लवकरच मिळवलं. निवेदक म्हणाला, "झालं बाई, छान झालं, आता थांबलात तरी चालेल." हिराबायने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवांना बोलावलं आहे, अर्ध्यावर उठवणार कसं? त्यांनी कॅमेरा मिटला, वायरी गुंडाळल्या, आणि ती गात राहिली. शेवटी तेही बिचारे जाजमावर मांडी घालून बसले. ऊन खाडीकडे उतरलं, तेव्हा अक्षता पडल्या. मग तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण. निवेदकाने बोटं चाटून खाल्लं, आणि आईबाबांना वाकून नमस्कार करतात तसा काहीतरी अर्धवट नमस्कार करून तो गाडीत बसला.

सुट्टी संपल्यावर शाळेत मी ही बातमी सांगितली. बाई म्हणाल्या, "आईबाबांच्या लग्नात आपण नसतो, बाळ." मी म्हटलं, होते, करवली होते. त्यांनी मला बाकावर उभं केलं.

कार्यक्रम कधी लागेल ते कळवू म्हणाले होते, पण काही कळलं नाही. पावसाळा गेला, गणपती गेले. मग एका मधल्याच वारी, दिवेलागणीला, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, हिराबायच्या टीव्हीवर सनई वाजली आणि पाठोपाठ हिराबायचीच पडवी दिसली. सुनंदा किंचाळली, "आपली ओटी!" मी बाबांना बोलवायला पळाले. आई तेव्हा नोकरी करायची, ती अजून ऑफिसातून यायची होती. बाबा एका पायात चप्पल घालून आले. खोली क्षणात भरली, खिडकीच्या गजांना मुलं लोंबकळली. आणि आम्ही बघतोय तर काय, हिराबायचा चेहरा, बायकांचे चेहरे, उखळ, हळद, उंबराची फांदी, अक्षता घेतलेले हात. कृष्णधवल टीव्हीवर हळद राखेसारखी दिसत होती. बाबा एकदा दिसले, पण मी तेव्हा स्वतःला शोधत होते, मला माझं कोपर तेवढं सापडलं. आईचा चेहरा आता येईल, मग येईल असं म्हणता म्हणता नावं वर सरकायला लागली.

नवरी कुठेच नव्हती. सगळ्यांना कळलं होतं. आणि तेवढ्यात दारात आई. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, एवढी गर्दी बघून घाबरलेली.

"काय झालं?"

"अगं, आपला कार्यक्रम!" बाबा उठून उभे राहिले. "चुकवलास की! काय दिसत होतीस तू!"

मी तोंड उघडणार होते, तर सुनंदाच्या काकीने मला चिमटा काढला. मग एकामागून एक सगळेच सुरू झाले. हो गं, नवरी काय शोभत होती. लुगडं काय खुललं होतं. एवढ्या गावात एक माणूस तेवढं काही बोललं नाही. हिराबाय उठली आणि "भात लागला वाटते," म्हणत आत निघून गेली.

पुन्हा दाखवतील असं सगळे म्हणत होते. त्यांनी पुन्हा दाखवलं नाही. त्या काळी टीव्हीवर एकदा गेलं ते गेलंच, आज रेवाला हे कितीही सांगितलं तरी पटत नाही.

बाबांनी मात्र ते जाऊ दिलं नाही. रजिस्टर लग्नाची तारीख ते विसरायचे, वैशाखातला हा दिवस कधी विसरले नाहीत. त्या दिवशी आंबे आणायचे आणि जेवताना सुरुवात करायचे. "टीव्हीवर तू अशी दिसत होतीस..." आणि मग तपशील. कपाळावरची मुंडावळी कशी एका बाजूला सरकली होती. हळद कानापर्यंत कशी गेली होती आणि कानातलं कसं चमकत होतं. हुंदका आला तो कसा गिळलास आणि मग उगाच खोकल्यासारखं केलंस. आई म्हणायची, "पुरे हो आता, आंबा खा," आणि दुसरी फोड त्यांच्याच ताटात वाढायची. मी लहान होते तोवर मला वाटायचं, बाबांना किती छान थापा मारता येतात. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की अशा थापा मारणारा माणूस आपल्याला मिळावा. मला मिळालेला माणूस चांगला आहे, पण त्याला मी काल काय नेसले होते ते आज आठवत नाही.

मुर्धा सुटलं, आम्ही हाटकेशला फ्लॅट घेतला. रंगीत टीव्ही आला, केबल आली. वाहिन्या इतक्या झाल्या की रिमोटवरचे आकडे पुसले गेले. किल्ल्यावर सावकाश चढणारा निवेदक कधी दिसेनासा झाला ते मला आठवत नाही, इतका हळू तो गेला. आता इतिहासाच्या मालिका लागतात, त्यात तलवार उपसली की तीनदा दाखवतात. मी बघत नाही. माझ्या आवडीला रेवा 'आर्ट फिल्म' म्हणते. पण कोणी तांबट भांडं ठोकतोय आणि प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतोय, असं काही दिसलं की मी हातातलं काम टाकून बसते, आणि शेजारी बाबा बसलेत असं अजूनही वाटतं.

शेवटच्या वर्षीही बाबांनी ते सांगितलं. आवाज पार बसला होता. आईला कान जवळ न्यावा लागला.

गेल्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. "आयचा गाना आलाय मोबाईलवर. तुला पाठवलाय, बघ." हिराबायला जाऊनही आता बरीच वर्षं झालीत. सुनंदा फोनवर रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "पोरांना ऐकवला. त्यांना वाटलं कोनतरी मोठी गायिका हाय."

मी ते लगेच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मुर्ध्याला सुनंदाकडे गेले. तिच्या घराच्या जागी आता चार मजले आहेत, अंगणात गाड्या लागतात. मिठागरांच्या बाजूला क्रेन उभ्या होत्या. जवळा कोणीतरी गच्चीवर वाळत घातला होता, वास तेवढा खालपर्यंत येत होता. मी तिला माझी अडचण सांगितली.

"नको दाखवू मंग," ती म्हणाली. "सांग, सापडला न्हाय."

"दर रविवारी विचारते गं."

"मंग दाखव. आता या वयान काय रागावनार हाय का ती?"

राग येईल अशी भीती मला नव्हतीच. आईकडे लग्नाचं म्हणून जे काही होतं ते बाबांच्या बोलण्यातच होतं. तेवढं माझ्या हातून काढून घेतलं गेलं तर तिच्यापाशी काय उरलं असतं?

रविवार आला. मी किल्ला लावला. निवेदक चढला, धापा टाकत थांबला, उतरला. आईने मेथीच्या काड्या गोळा केल्या.

"आपलं लागलं का गं?"

मला पुन्हा नाही म्हणवेना. मी टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. "आलंय. पण आई, एक सांगू? त्यात तू..."

"मी त्यात नाही," आई म्हणाली. "ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"हिराबायने. कार्यक्रम लागला त्याच रात्री, जेवणं झाल्यावर. तिला का खोटं ठेवता येतंय पोटात? म्हणाली, तुजा तोंड न्हाय दाखवला गो, बाकीच्यांवर इस्वास ठेऊ नको."

"मग बाबा इतकी वर्षं सांगत होते, तेव्हा तू..."

"मी खरंच दिसले असते, तर एकदा सांगून मोकळे झाले असते ते," आई म्हणाली. "दरवर्षी मला खूश करायला नवीन काहीतरी रचायचे. मी का मोडता घालू?"

"मग तुला बघायचंय कशाला?"

"ह्यांना बघायचंय. मान खाली घालून बसवलं होतं मला. सगळ्या गावाने माझा नवरा पाहिला, मी सोडून."

मी रेवाला हाक मारली. तिने फोनवरचं टीव्हीवर लावून दिलं आणि काय मनात आलं कोण जाणे, ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. सनई झाली. हिराबायची पडवी आली. आणि मग हिराबाय, पूर्ण पडदाभर, रंगीत. आम्ही तिला त्या टीव्हीवर करडी पाहिली होती. इथे तिचं लुगडं हिरवंगार होतं, नाकात नथ होती, आणि उखळातली हळद इतकी पिवळी की रेघा हलत असूनही डोळ्यांत भरत होती. तिचा आवाज खोलीभर झाला. रेवा हळूच म्हणाली, "ये कौन है?"

कॅमेरा अक्षतांच्या हातांवरून वर गेला आणि बाबा आले. बाशिंग बांधलेले, पस्तिशीचे, माझ्याहून कितीतरी लहान. निवेदक त्यांच्या एका बाजूला बसून लग्नविधीची माहिती सांगत होता. बाबांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. समोरच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याकडेही नव्हतं. ते मान वळवून पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे कुठेतरी बघत होते. कॅमेरा बायकांवर गेला आणि परत आला, तरी ते तिथेच बघत होते. निवेदकाने त्यांना काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. माणूस टक लावून काही पाठ करत असावा, तसे ते बघत होते.

आईच्या मांडीवरून मेथीची जुडी खाली पडली.

"थांबव," ती म्हणाली. रेवाने चित्र थांबवलं.

"आणि मी आपली समजत होते, थापा मारतात," आई म्हणाली.

ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. गुडघे धरून सावकाश टीव्हीपाशी गेली. पडद्यावर बाबा तसेच थांबले होते. जिथे पडदा संपतो त्याच्या उजवीकडे, भिंतीच्या कोऱ्या रंगावर तिने आपला तळवा टेकला.

"इथे," ती म्हणाली. "इथे बसलेय मी."